नकाशातील नंदनवन : लॉस एंजेलिस कौंटीच्या १९३०च्या उद्यान-अहवालाचे परीक्षण

नियोजनशास्त्राच्या वाङ्मयात काही ग्रंथ अंमलात आले म्हणून प्रसिद्ध आहेत, तर काही अंमलात आले नाहीत म्हणून. लॉस एंजेलिस विभागातील उद्याने, क्रीडांगणे व सागरकिनारे ह्यांविषयी १९३० साली प्रसिद्ध झालेला अहवाल दुसऱ्या वर्गात मोडतो. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) ह्यांची ओल्मस्टेड ब्रदर्स ही संस्था आणि सेंट लुईचे नगररचनाकार हार्लंड बार्थोलोम्यू ह्यांची संस्था ह्या दोघींनी मिळून तो सिद्ध केला. त्याच्या अवघ्या २०० प्रती निघाल्या. पुढे सुमारे सात दशके थोड्या जाणकारांखेरीज त्याचे नाव कोणी घेतले नाही. १९९८ साली माइक डेव्हिस ह्यांनी ‘इकॉलॉजी ऑफ फिअर’ ह्या ग्रंथात त्याची आठवण जागविली आणि २००० साली ग्रेग हाइज व विल्यम डेव्हरेल ह्यांनी ‘ईडन बाय डिझाइन’ ह्या नावाने विस्तृत प्रस्तावनेसह तो पुनर्मुद्रित केला. तेव्हापासून ‘हरवलेले नंदनवन’ ह्याच भूमिकेतून तो वाचला जातो. ही योजना स्वीकारली गेली असती तर आजचे लॉस एंजेलिस निराळे झाले असते, असे म्हणण्याचा परिपाठच पडला आहे.

हे वाचन अहवालाला मोठेपणा देते. पण त्याच्यातील युक्तिवाद तपासण्याच्या जबाबदारीतून वाचकाला ते मोकळे करते. जी योजना घडलीच नाही तिच्यात दोष कसा सापडावयाचा? वस्तुतः अपयशाची सर्व कारणे बाहेरची होती, म्हणजे महामंदी, जमिनीचे सट्टेबाज, व्यापारी संघाची भीरुता, असे मानले की अहवाल निर्दोष ठरतो आणि परीक्षणाचे काम संपते. ते तसे संपत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

‘कौंटी’ ह्या शब्दाविषयी प्रथम थोडे सांगणे इष्ट आहे. मराठी वाचकाच्या मनात तो ऐकताच ‘जिल्हा’ उभा राहतो आणि जिल्ह्याबरोबर जिल्हाधिकारी. अमेरिकेतील कौंटीची घडण अशी नाही. लॉस एंजेलिस कौंटीचा कारभार लोकांनी निवडलेल्या पाच पर्यवेक्षकांच्या मंडळाकडे आहे. कौंटीच्या हद्दीत आज ८८ स्वतंत्र नगरे आहेत आणि प्रत्येकास स्वतःची नगरसभा, स्वतःचे कर व स्वतःचे उद्यान-धोरण आहे. कोणत्याही नगरात न मोडणाऱ्या मुलखाचा स्थानिक कारभार तेवढा थेट मंडळाकडे येतो. त्यामुळे ‘कौंटीची उद्यान-व्यवस्था’ ह्या शब्दांनी एकजीव वस्तूचा बोध होत असला, तरी प्रत्यक्षात ती अनेक मालकांच्या जमिनींची गोधडी आहे. १९३०च्या अहवालाचा मुख्य प्रश्न हाच होता. डोंगर, नदी आणि किनारा नगरांच्या सीमा मानीत नाहीत. मग त्यांचे नियोजन सीमा मानणाऱ्या संस्थांनी कसे करावे?

अहवालाची पार्श्वभूमी अशी. कौंटीची लोकसंख्या १९२० मध्ये ९,३६,४५५ होती. १९३० मध्ये ती २२,०८,४९२ झाली. दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली, आणि ही वाढ जमिनीचे तुकडे पाडून विकण्याच्या धंद्यावर स्वार होऊन आली. ग्रिफिथ जे. ग्रिफिथ ह्यांनी १८९६ साली लॉस एंजेलिस नगरास ३,०१५ एकर डोंगराळ जमीन दान दिली होती, ती ‘ग्रिफिथ पार्क’ म्हणून विख्यात आहे. ह्या दानाने आकडे भरीव दिसत. पण डोंगरावरील हे उद्यान आणि सपाटीवरील दाट वस्ती ह्यांचा रोजचा संबंध थोडा होता. १९२७ साली वाणिज्य मंडळाच्या पुढाकाराने नागरिकांची एक समिती स्थापन झाली व तिने ह्या दोन संस्थांना पाचारण केले. दोघांनाही हा मुलूख परका नव्हता. चार्ल्स चेनी ह्यांच्यासह त्यांनीच १९२४ साली लॉस एंजेलिसच्या प्रमुख वाहतूक-रस्त्यांची योजना आखली होती, आणि समितीचे काम चालू असतानाच ओल्मस्टेड कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यानांची पाहणीही करीत होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे कर्ते ते हे नव्हेत, ते ह्यांचे वडील. मराठीत ह्या दोघांची गल्लत वारंवार होते, म्हणून हा खुलासा.

आता मूळ ग्रंथाकडे वळावे. त्याची प्रमुख सूचना अशी की, सत्तर हजार एकरांच्या आसपास जमीन उद्यानांसाठी सार्वजनिक मालकीत आणावी, दूरच्या डोंगराळ राखीव क्षेत्रांची जोड तिला द्यावी, आणि ही सर्व स्थळे एकमेकांना विहारमार्गांनी जोडावी. ह्या मार्गांना अहवालाने ‘प्लेझरवे पार्क’ असे नाव दिले आहे. दोन्ही बाजूंनी झाडी असलेला रस्ता एवढाच त्याचा अर्थ नाही. रस्त्याची रुंदी इतकी असावी की आत शिरलेल्या माणसास शहर दिसू नये, दुकाने व जाहिरातींच्या पाट्या दृष्टीआड व्हाव्या आणि प्रवास हाच विहार व्हावा. एकूण खर्च सुमारे २३ कोटी डॉलर आणि तो चाळीस ते पन्नास वर्षांत विभागून करावयाचा.

अहवालाचा सर्वांत समर्थ भाग ह्या काळाच्या हिशेबात आहे. बहुतेक दीर्घकालीन योजना वाट पाहण्यास शिकवितात: लोकसंख्या एवढी झाली की एवढी उद्याने. ओल्मस्टेड-बार्थोलोम्यूंचा युक्तिवाद उलट दिशेने चालतो. खर्च पन्नास वर्षांचा असला तरी जमीन आजच घेतली पाहिजे, कारण उद्यान उभारण्यास उशीर झाला तर केवळ सोय लांबते, जमीन घेण्यास उशीर झाला तर उद्यानच जाते. झाडे पुढे लावता येतात, इमारती पुढे बांधता येतात. परंतु एकदा प्लॉट पडलेली दरी पुन्हा दरी म्हणून विकत मिळत नाही. दीर्घकालीन नियोजनात कोणती कृती पुढे ढकलता येते व कोणती येत नाही, हा विवेक इतक्या स्पष्टपणे मांडणारे ग्रंथ आजही फार नाहीत.

पूरप्रवण जमिनींबद्दलच्या सूचना ह्याच विवेकातून निघाल्या आहेत. लॉस एंजेलिस नदी वर्षातील बहुतेक काळ ओढ्यासारखी असते आणि एखाद्या हिवाळ्यात अकस्मात उग्र रूप धारण करते. १९१४च्या पुरानंतर १९१५ साली कौंटीत पूरनियंत्रण विभाग स्थापन झाला होता; परंतु पाणी लवकरात लवकर समुद्रात लोटणे एवढेच उद्दिष्ट मानण्याकडे अभियंत्यांचा कल होता. अहवालाने सुचविले की, नदीपात्रालगतची रुंद पट्टी सार्वजनिक मालकीत घेऊन तीत विहारमार्ग व उद्याने करावी. पाणी आले तर त्यास पसरण्यास जागा राहील, आणि न आले तर लोकांस. एका खर्चात दोन कामे साधणारी ही कल्पना होती. तिचा त्याग झाल्यावर पुढे काय घडले ते सर्वविदित आहे. १९३८च्या पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने ५१ मैलांच्या ह्या नदीचा बहुतांश काँक्रीटच्या नाल्यात बंदिस्त केला.

इथपर्यंत नंदनवनवाद्यांशी मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद सुरू होतो तो अहवालाच्या अर्थविषयक व संस्थाविषयक प्रकरणांपाशी. आणि चमत्कार असा की, अहवालाचे चाहते नेमकी हीच प्रकरणे वाचून पुढे जातात, थांबत नाहीत. नकाशे सुंदर आहेत म्हणून तसे होत असावे.

अहवाल ज्यांना पटवावयाचा होता ते वाचक कोण, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याची भाषा उलगडत नाही. हे वाचक म्हणजे व्यापारी, पेढीवाले, वृत्तपत्रांचे मालक व जमीनधारक. त्यांच्यापुढे उद्यानांचे समर्थन करताना लेखकांनी दोन कारणांवर विशेष भर दिला: उद्यानांमुळे शेजारच्या जमिनीचे मोल वाढते, आणि किनारे व मोकळे प्रदेश नष्ट झाले तर ज्यासाठी लोक कॅलिफोर्नियात येतात ते आकर्षणच संपेल. दोन्ही विधाने खरी असतील. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर कौंटीत १९२२ साली उद्यान-आयोग स्थापन झाला होता आणि तेथील उद्यानमार्गांमुळे लगतच्या मालमत्तेचे भाव चढल्याचे देशभर बोलले जात होते. परंतु जमिनीच्या किमतीवर उभा केलेला युक्तिवाद जमिनीच्या किमतीबरोबरच पडतो. १९२९ नंतर भाव कोसळले तेव्हा अहवालाच्या हाती दुसरे कारणच उरले नाही.

येथे करपद्धतीचा एक तपशील समजून घेतला पाहिजे. त्या काळी कॅलिफोर्नियात स्थानिक सुधारणा बहुधा ‘विशेष आकारणी’ने होत. रस्ता किंवा उद्यान ज्या टापूच्या फायद्याचे, त्या टापूतील जमीनधारकांवर खर्चाची वाटणी करून कर्जरोखे काढावयाचे, अशी ही रीत. १९२५च्या मॅटून कायद्याने तीत एक भयंकर कलम घातले: टापूतील काही मालकांनी आकारणी थकविली तर त्यांची बाकी उरलेल्या मालकांच्या माथी पुढील वर्षी चढे. भाव वाढत होते तोवर हे कोणास बोचले नाही. भाव उतरू लागताच प्रामाणिकपणे भरणाऱ्याचा बोजा दरवर्षी फुगत गेला आणि अखेर तोही थकबाकीदार झाला. अशा स्थितीत करआकारणीचा, कर्जरोखे काढण्याचा व सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार असलेले एक नवे प्रादेशिक उद्यान-मंडळ स्थापावे, असे अहवालाने सांगितले. सूचना तर्कशुद्ध होती. पाच-पन्नास नगरांच्या सीमा ओलांडणारे काम दुसऱ्या कोणत्या संस्थेने करावे? परंतु आकारणीच्या फासात अडकलेल्या जमीनधारकास त्यात आणखी एक करवसुली करणारा दिसला आणि वाणिज्य मंडळास आपल्या आटोक्याबाहेरची नवी सत्ता दिसली. ज्या समितीने अहवाल मागविला तिचे प्रवर्तकच मागे सरले. हाइज व डेव्हरेल ह्यांनी हा भाग कागदपत्रांच्या आधारे चांगला उलगडला आहे, आणि त्यांच्या ग्रंथाची खरी मोलाची बाजू हीच होय. योजनेस मंदीने मारले हे अर्धसत्य आहे. ती ज्यांच्या हिताच्या भाषेत बोलली, त्यांच्याच हिताच्या हिशेबात बसेना, हे उरलेले अर्धे.

दुसरा दोष ह्याहून खोल आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्यांचा विभाग ज्यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाला त्या पॅट्रिक गेडिस ह्यांचा आग्रह असा की, योजनेपूर्वी पाहणी झाली पाहिजे आणि पाहणीत स्थळाइतकेच तेथील काम व तेथील लोक ह्यांना स्थान हवे. ह्या कसोटीवर १९३०चा अहवाल लावून पाहिला तर स्थळाची पाहणी अप्रतिम आहे. लोकांची मात्र जवळजवळ संख्येपुरती आहे. उद्यानाचा उपभोक्ता म्हणून लेखकांच्या डोळ्यांपुढे जो नागरिक आहे तो मोटारीत बसलेला आहे. क्रीडांगणांविषयी अहवालात विचार नाही असे नव्हे. परंतु त्याची कल्पनाशक्ती जेथे फुलते ती जागा विहारमार्गाची आहे. ज्याच्यापाशी मोटार नाही त्याने ह्या साखळीत कोठे शिरावे, ह्याचे उत्तर नकाशावरून मिळत नाही.

ह्या ठिकाणी एका प्रकरणाचा निर्देश करणे अपरिहार्य आहे. मॅनहॅटन बीच ह्या किनाऱ्यावरील नगरात विला व चार्ल्स ब्रूस ह्या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ साली जागा घेऊन समुद्रस्नानास येणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी विश्रामगृह चालविले होते. इतर बहुतेक किनाऱ्यांवर त्या लोकांना मज्जाव होता किंवा त्रास दिला जात होता. १९२४ साली नगराने ‘सार्वजनिक उद्यान’ करावयाचे आहे असे कारण दाखवून ती व आसपासची जागा सक्तीने संपादन करण्यास घेतली. १९२९ मध्ये ब्रूस दांपत्यास १४,५०० डॉलर देण्यात आले. आणि मग ती जमीन कित्येक दशके नुसती पडून राहिली. किनारे खासगी हातांतून सोडवून सार्वजनिक करावे, सक्तीने भूसंपादन करावे, असे सांगणारा अहवाल ह्याच किनारपट्टीविषयी, ह्याच वर्षांत लिहिला जात होता. लेखकांचा त्या कृत्याशी काही संबंध नव्हता, हे खरेच. परंतु ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे, ह्या प्रश्नाला त्यांच्या युक्तिवादात स्थान नाही. ज्या अधिकाराने ते नंदनवन उभारू पाहत होते, तोच अधिकार काही मैलांवर एका कुटुंबाला उठविण्यासाठी वापरला जात होता. ही जमीन पुढे १९४८ मध्ये राज्याकडे व १९९५ मध्ये कौंटीकडे आली. २०२१ साली राज्याने खास कायदा केला. २०२२ मध्ये कौंटीने ती ब्रूस ह्यांच्या वंशजांस परत केली आणि २०२३ मध्ये त्यांच्याकडून सुमारे दोन कोटी डॉलरांस विकत घेतली. जमिनीचा भाव वाढेल हे अहवालाचे भाकीत येथे अक्षरशः खरे ठरले, एवढी टीप करण्याचा मोह आवरत नाही.

तरीही अहवाल संपूर्णपणे वाया गेला असे म्हणता येणार नाही. त्याचे तुकडे निराळ्या दारांनी आत आले. पूर अडविण्यासाठी १९४० साली हॅन्सन, १९४१ साली सेपुल्वेडा व १९५७ साली व्हिटिअर नॅरोज ही धरणे झाली. त्यांच्यामागे जी विस्तीर्ण जमीन एरवी कोरडी ठेवावी लागते, तिच्यावर कालांतराने मोठी उद्याने झाली. म्हणजे पूर व उद्यान ह्यांचा संयोग घडला. पण नदीकाठी सलग नव्हे, तर धरणांच्या पोटात सुटा सुटा. १९४४ साली कौंटीने स्वतःचा उद्यान-विभाग सुरू केला. सांता मोनिका डोंगरांतील राष्ट्रीय विहारक्षेत्र १९७८ मध्ये निर्माण झाले. मालिबूजवळचा डोंगर-किनाऱ्याचा मोठा पट्टा सार्वजनिक मालकीत घ्यावा ही ओल्मस्टेड ह्यांची शिफारस डेव्हिस ह्यांनी अधोरेखित केली आहेच. त्या परिसरातील वणव्यांच्या इतिहासात जानेवारी २०२५च्या पॅलिसेड्स वणव्याची भर पडल्यानंतर ही शिफारस पुन्हा उद्धृत होईल, ह्यात संशय नाही. मात्र ओल्मस्टेड ह्यांस द्रष्टा ठरविण्याची घाई करू नये. त्यांनी ती जमीन मागितली ती प्रामुख्याने सौंदर्य व विहार ह्यांसाठी. धोका टळला असता तर तो आनुषंगिक लाभ म्हणून टळला असता.

ह्या अहवालाची खरी तुलना व्हावयास हवी ती २०१६ साली कौंटीने पूर्ण केलेल्या उद्यान-गरजांच्या व्यापक मूल्यमापनाशी. त्याचा जन्म एका पराभवातून झाला. १९७८च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ताकरावर मर्यादा आली होती व खास करास दोन-तृतीयांश मते आवश्यक झाली होती. २०१४ साली उद्यानांसाठीचा कर बहुमत मिळूनही ह्या अटीत बसला नाही. त्यानंतर कौंटीने सर्व नगरे व नगराबाहेरची वस्ती मिळून १८८ अभ्यासक्षेत्रे पाडली, ठिकठिकाणी सभा घेतल्या व लोकांकडूनच त्यांच्या निकडीच्या कामांच्या याद्या करून घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की, दर हजार वस्तीमागे सरासरी ३.३ एकर उद्यान आहे आणि उद्यानापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे लोक निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे ४९ टक्के आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे आलेला ‘मेझर ए’ हा कर सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी संमत झाला. बांधकामाच्या दर चौरस फुटास दीड सेंट असा त्याचा दर तेव्हा ठरला.

१९३०च्या लेखकांना जे साधले नाही ते येथे साधले, आणि ते साधण्याची रीत नेमकी त्यांनी टाळलेली होती. अर्ध्या मैलाचे माप हे पायी चालणाऱ्याचे माप आहे. विहारमार्गावर धावणाऱ्या मोटारीचे नव्हे. वाचकही बदलला: वाणिज्य मंडळाऐवजी मतदार आला. परंतु ह्या दस्तऐवजाचीही मर्यादा आहे. लोकांनी मागितली ती कामे बव्हंशी त्यांना दिसत असलेल्या जागांपुरती होती. जी दरी केव्हाच प्लॉटखाली गेली, ती कोणत्याही सभेत कोणी मागत नाही. लोकांस विचारल्याने अन्याय उघडा पडतो, आणि तो पडलाही. पण भूमीच्या स्वरूपाचा जो एकत्र विचार १९३०च्या नकाशांत आहे तो १८८ याद्यांची बेरीज करून मिळत नाही. सरासरीचा आकडाही सावधपणे वाचावयास हवा. दाट वस्तीच्या जुन्या उपनगरांतील टंचाई आणि विरळ भागांतील विपुलता ह्या दोहोंना तो एकाच ओळीत बसवितो.

ही उणीव कौंटीच्या ध्यानात आली असावी. कारण २०२२ मध्ये ह्या मूल्यमापनाचा जो पुढील भाग प्रसिद्ध झाला, त्यात प्रादेशिक व ग्रामीण विहारक्षेत्रांचा विचार आहे आणि जमिनीच्या प्रश्नाला पुन्हा हात घातला आहे. अस्पर्श निसर्ग राखण्याबरोबरच बिघडलेली भूमी, जुनी तेलक्षेत्रे व कचऱ्याच्या भरावाच्या जागा सुधारून घेण्यावर त्यात भर दिला आहे. १९३०च्या लेखकांना हा विचार सुचण्याचे कारणच नव्हते. त्यांच्यापुढे कोऱ्या जमिनीचा मुबलक साठा होता. त्यांनी ‘आता घ्या’ म्हणून सांगितलेली जमीन न घेतल्यामुळे ‘उरलेली दुरुस्त करा’ ही पाळी आली, असे म्हणावयास हरकत नाही; मात्र दुरुस्तीचे शास्त्र वेगळे आहे व त्याची कालगणनाही वेगळी आहे. प्वेंटे हिल्स येथील प्रचंड कचरा-भराव ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी बंद झाला आणि तेथे प्रादेशिक उद्यान करण्याची योजना कौंटीने २०१६ मध्ये मंजूर केली. खाली कचरा कुजत आहे, वायू निघत आहे, माथा दरवर्षी थोडा खचत आहे. म्हणून इमारत कोठे उभी करावी, वाट कोठून न्यावी व कोणता भाग लोकांस केव्हा मोकळा करावा, हे टप्प्याटप्प्याने आणि भरावाचे खचणे पाहूनच ठरवावे लागते.